आधीचे दात

"यात अवघड काही नाही. साधं गणित आहे," असं धाकटीने सांगितलं तो सोमवार होता, आणि सोमवारी तिला कसलीही शंका नव्हती.

धाकटी म्हणजे एक्केचाळीस वर्षांची, सोळा वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवणारी बाई. पण वर एक भाऊ असला की माणूस जन्मभर धाकटंच राहतं. दादा दातांचा डॉक्टर. महिन्यापूर्वी त्याच्या समोरच दुसरा दवाखाना उघडला होता, सगळा काचेचा, आणि दादाचे पेशंट एकेक करून रस्ता ओलांडू लागले होते. आता शनिवारी जवळच्या कारखान्याच्या मॅनेजर बाई दोन्ही दवाखाने पाहायला येणार होत्या. तीनशे कामगारांच्या दातांची तपासणी एकालाच मिळणार होती. ती समोर गेली, की दादाला दुकान बंद करून घरी बसायला मोकळीक.

म्हणून दादाने वेटिंग रूमसाठी एक फिल्म काढली. 'आधी'मध्ये आईचे चहाने पिवळे पडलेले दात, 'नंतर'मध्ये आईचे पांढरेशुभ्र दात. फोनवर ती झकास दिसायची. वेटिंग रूमच्या टीव्हीवर मात्र आई राखेत लोळून आल्यासारखी दिसत होती. दात, ओठ, मागची भिंत, सगळं एकाच रंगाचं.

"फोनने एचडीआरमध्ये घेतलंय," धाकटीने समजावलं. "म्हणजे लख्ख उजेडापासून गडद सावलीपर्यंतचा मोठा पल्ला. तुझ्या जुन्या टीव्हीला फक्त एसडीआर कळतं, म्हणजे लहान पल्ला. मोठी गादी लहान खोळीत घालायची, एवढंच काम."

"गादी फाटायची नाही ना?" आईने विचारलं.

"नाही. थोडी दाबावी लागेल."

"माझं तोंड सोडून कुठेही दाब."

दादाने फिल्म धाकटीच्या लॅपटॉपवर टाकली आणि त्याचा फोन भरून गेला होता म्हणून तिथून ती पुसून टाकली. ही गोष्ट त्या वेळी कोणालाच महत्त्वाची वाटली नाही.

मंगळवारी धाकटीने मर्यादेपलीकडचा सगळा उजेड सरळ छाटला. गणित बरोबर होतं. फक्त छाटल्यावर पिवळे दातही पांढरे आणि पांढरे दातही पांढरे. एक आजोबा बराच वेळ टीव्हीकडे पाहत बसले आणि म्हणाले, "डॉक्टर, मला ते आधीचेच बसवा." त्यांना घेऊन आलेली सून उठली. तिने त्यांना रस्ता ओलांडून नेलं.

बुधवारी तिने छाटण्याऐवजी दाबलं. घरी लॅपटॉपवर उत्तम दिसलं. दवाखान्यात मात्र आईचं तोंड म्हणजे दिवे गेलेलं तळघर. "दात आहेत ना आत?" एका बाईंनी काळजीने विचारलं.

गुरुवारी तिने उजेड वाढवला, रंग थोडे चढवले. दवाखान्यात आईच्या हिरड्या जांभळ्या झाल्या आणि कान पेटल्यासारखे लाल. एक लहान मुलगी रडायला लागली. दोन पेशंट उठले आणि समोर गेले.

"तुझं साधं गणित अजून किती दिवस चालणार?" दादाने विचारलं.

धाकटीला राग आला नाही. तिला फक्त कळेना. लॅपटॉपवर नीट आणि टीव्हीवर रोज वेगळीच चूक, हे विज्ञानात बसत नव्हतं. शुक्रवारी ती दवाखाना उघडायच्या आधी गेली. दादाकडची दातांच्या छटा दाखवणारी पट्टी, सोळा नकली दात एका ओळीत लावलेली, तिने हातात घेतली आणि टीव्हीवरच्या आईच्या दाताशी एकेक छटा जुळवू लागली. तेवढ्यात रिसेप्शनवरच्या मावशी आल्या. त्यांनी पर्स ठेवली, रिमोट उचलला आणि धाकटीच्या डोळ्यांदेखत आईला एकदम फिकट केलं.

"मावशी, हे काय करताय?"

"रोजचंच. काल फार भडक होतं, म्हणून आज उतरवते. मंगळवारी डोळे दिपत होते, तेव्हा उजेड कमी केला होता. मग बुधवारी अंधार, म्हणून वाढवला. कोणीतरी रोज टीव्ही बिघडवून जातं बघा. मी आहे म्हणून निभतंय."

धाकटीने हातातली पट्टी हळूच खाली ठेवली. चार दिवस दोन शहाण्या बायका एकच चूक दोन बाजूंनी सुधारत होत्या. दोघींची चुकी एवढीच, की दोघी कामाला चोख होत्या.

रिमोट कुलुपात गेला. टीव्हीची सगळी मापं मूळपदावर आणून, छटापट्टीशी पडताळून, धाकटीने दुपारपर्यंत अचूक फिल्म बनवली. मावशींनीसुद्धा मान डोलावली. लॅपटॉपवर जागा उरली नव्हती, आणि आता प्रयोग संपला होता, म्हणून तिने मूळ फिल्म पुसली.

संध्याकाळी दादा हसत आला. मागून दोन माणसं एक भलं मोठं खोकं घेऊन आली.

"तुझा त्रास मला बघवेना," तो म्हणाला. "नवा टीव्ही. एचडीआरवाला. जुना ही माणसं बदल्यात नेतायत. आता काही दाबायला नको, मूळ फिल्मच लावू. कुठेय?"

धाकटीने ती पुसल्याचं सांगितलं. नव्या टीव्हीवर तिची अचूक फिल्म लावून पाहिली, तर आता लहान गादी मोठ्या खोळीत. आई पुन्हा राखेतून उठून आली होती. टीव्हीची कुठली कळ दाबून ते सुधारलं असतं, हे सांगू शकणाऱ्या एकमेव बाईकडून रिमोट काढून घेतलेला होता, आणि आता मावशी घरी गेल्या होत्या.

"मग परत काढू," दादा म्हणाला. "आईला बोलव."

आई आली, खुर्चीत बसली, दात दाखवले. 'नंतर' झकास आलं.

"आता आधीचं," दादा म्हणाला.

"आधीचे दात मी आता कुठून आणू?" आईने विचारलं.

मग दादाने बहिणीकडे नीट पाहिलं. "तू दिवसाला चहा किती पितेस?"

"या आठवड्यात?"

"तोंड उघड."

चेहरेपट्टी अगदी आईची, असं धाकटीला लहानपणापासून सगळे सांगत आले होते. त्याचा पहिल्यांदाच उपयोग झाला.

शनिवारी मॅनेजर बाई आल्या. नव्या टीव्हीसमोर बसून त्यांनी फिल्म दोनदा पाहिली. रंग निर्दोष होते. 'आधी'मध्ये एक्केचाळीस वर्षांची बाई पिवळे दात दाखवत होती. 'नंतर'मध्ये तीच बाई, अडुसष्ट वर्षांची, पांढरेशुभ्र दात दाखवत होती.

"दात छान निघालेत," त्या दादाला म्हणाल्या. "पण माणूस फार थकतं का हो यात?"

दादाने खोलीभर नजर फिरवली. धाकटी ओठ घट्ट मिटून कोपऱ्यात मासिक वाचत होती. ते उलटं होतं, हे नंतर तिच्या लक्षात आलं.

मॅनेजर बाईंनी सही केली. समोरच्या काचेच्या दवाखान्यात त्यांना दीड तास बसवून ठेवलं होतं म्हणे. पेन बंद करता करता त्या म्हणाल्या, "एकच विनंती आहे, डॉक्टर. आमचे कामगार तरुण आहेत. तसेच परत पाठवा."