आत्याच्या रेडिओचा कान

सोनाआत्यानं खुळखुळ्यावर बंदी घातली होती. विद्यानगरला आपल्या दोन खोल्यांत ती आमच्यासारख्या नोकरीवाल्या बायकांची तान्ही मुलं सांभाळायची. कुणी खुळखुळा आणलाच तर तो बाहेर चपलांपाशी ठेवायचा. मी शाळामास्तरीण, कारण विचारल्याशिवाय राहवतंय कुठलं?

"हलवला की वाजला," आत्या म्हणाली. "मंग लेकराच्या डोक्याला काम काय?"

तिच्याकडे खेळायला टॉर्च होता, सायकलची घंटी होती, गजराचं घड्याळ होतं. कुणी टॉर्च तोंडात घातला आणि आई किंचाळली, की आत्याचं ठरलेलं, "चाखू द्या. लेकरं आधी तोंडानंच वाचतात."

आणि रेडिओ होता. लाकडी पेटीचा, तापायला वेळ घेणारा, रांगत्या मुलाच्या हाताला येईल असा पाटावर ठेवलेला. त्याच्या बटणाला आत्या कान म्हणायची. दुपारी खिडक्या अर्ध्या लावलेल्या असत. कुणीतरी रांगत जाऊन कान पिळी. काहीच होत नसे. मग काचेमागे हळूहळू पिवळा उजेड, मग गुणगुण, आणि मग लांबून कुठूनतरी सनई. तेवढा वेळ सगळी बाळमंडळी तोंडं उघडी टाकून बसायची, गालांवर तो पिवळा उजेड घेऊन. मला तिथून उठावंसं वाटत नसे.

एकदा मीच कान पिळायला गेले, तर हातावर चापट बसली.

"ठैरो. तुमचं शिकून झालंय ना? आधी उजेड, मंग आवाज. त्यांचं त्यांना सापडू द्या."

एक तपासणीवाल्या बाई आल्या. इतकी गप्प मुलं बघून त्या घाबरल्याच. आजारी आहेत का, म्हणाल्या.

"नाही हो," आत्या म्हणाली. "वाट बघायलीत."

आमची मंजू जेमतेम वर्षाची. घरी तिनं एके संध्याकाळी बापाचा कान पिळला आणि त्याच्या तोंडाकडे टक लावून बसली. हे कचेरीतून थकून आलेले, गळा म्हणजे फुटकं मडकं. पण पोर हलेना. शेवटी बिचारे गायले.

मग भाषेवरून राज्याची वाटणी झाली. कचेऱ्या फुटल्या, कुणी मुंबईकडे, कुणी म्हैसूरकडे. ह्यांची बदली औरंगाबादेला झाली. आत्याकडची मुलं एकेक करून कमी होत गेली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा मंजूनं रेडिओचा कान उपटूनच हातात घेतला. मी मूठ सोडवायला लागले.

"नक्को," आत्या म्हणाली. "असू द्या तिच्यापाशी."

वर्षानं माहेरी आले, तशी मंजूला घेऊन आत्याकडे गेले. दोनच मुलं होती. आत्या पक्कड घेऊन रेडिओची उघडी दांडी पिळून तो बंद करत होती.

"अहो आत्या, अफझलगंजच्या बाजारात मिळेल की नवं बटण."

"हौ, मिळंल," ती म्हणाली, आणि विषय तिथंच संपला.

मंजू तिला ओळखेना. माझ्या पदराआड लपली. आत्यानं बोलावलं नाही, हात पुढं केला नाही, नुसती बसून राहिली. मला मात्र पोरीचा राग आला आणि आत्याची फार दया आली. मी पिशवीतून बटण काढून मंजूच्या हातात दिलं. तिनं रेडिओकडे पाहिलं, पाटापाशी जाऊन बसली, बटण दांडीवर दाबलं, पिळलं. मग हात मांडीवर ठेवून वाट बघायला लागली. आत्याला ती विसरली होती, पण तिचे हात विसरले नव्हते.

काचेमागे उजेड आला. गुणगुण सुरू व्हायच्या आत आत्यानं डोळे पुसून घेतले. सनई लागली तशी मंजू वळली आणि सरळ तिच्या मांडीवर जाऊन बसली.

निघताना मी बटण रेडिओलाच ठेवलं होतं. आत्यानं ते उपसून काढलं आणि मंजूच्या मुठीत कोंबलं.

"ने," म्हणाली. "पुन्हा आणून बसवायला लागंल."

आणि पक्कड घेऊन रेडिओपाशी जाऊन बसली.