निखिल, वय छत्तीस, अवलंबून

लीड्समधले माझे घरमालक डॉक्टर दिघे आपला छत्तीस वर्षांचा मुलगा आपल्यावर अवलंबून असल्याचं दर ऑक्टोबरात सरकारला कळवतात. हा मुलगा, निखिल, स्टॅनमोरला राहतो, लंडनच्या एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याचा फोन रविवारी येतो आणि वरण उकळायच्या आत संपतो.

इथल्या टॅक्सच्या फॉर्मवर मोठ्या मुलांसाठी रकानाच नाही. पण शेवटी ‘आणखी काही सांगायचे असल्यास’ असा एक रिकामा चौकोन असतो. दिघेकाका तो रिकामा सोडत नाहीत. त्यासाठीच ते अजून कागदी फॉर्म भरतात.

“न्यू जर्सीचा माझा धाकटा भाऊ कॉलेजातल्या मुलीला टॅक्सवर डिपेंडंट दाखवतो,” ते म्हणतात. “मग मी काय घोडं मारलंय?”

“काका, पण निखिलदादा कमावतो.”

“कमावू दे की. मसूरला शिट्ट्या किती, हे कोणाला विचारतो? मला. हा डिपेंडन्स नाही तर काय? रेकॉर्डवर असू दे.”

‘रेकॉर्डवर असू दे’ हे त्यांचं पालुपद. बॉयलर कुरकुरला, शेजाऱ्याचं मांजर कुंडीत बसलं, की तारीख घालून डायरीत नोंद. एका वर्षी त्यांनी फॉर्मला निखिलला पाठवलेल्या चिवड्याची पोस्टाची पावती टाचली होती. पुरावा म्हणून.

सगळे हसतात. मीही हसायचे. पण खरं सांगायचं तर मला निखिलचा हेवा वाटायचा. सांगायला लाज वाटते, पण फार वाटायचा.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. मी इकडे आले त्याच महिन्यात बाबांनी रेशनकार्डावरून माझं नाव कमी करून घेतलं. “जी इथं खात नाही, तिच्या नावावर धान्य कशाला उचलायचं?” त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, हिशेब सरळ असतो. चुकलं काहीच नव्हतं. पण मुलीचं नाव लग्नानंतर कमी होतं, माझं व्हिसा मिळाल्यावर झालं. आणि इथे एक बाप छत्तीस वर्षांच्या मुलाला सोडायला तयार नव्हता.

यंदा काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. ते सांगत गेले, मी फॉर्म लिहीत गेले. शेवटच्या चौकोनाशी ते म्हणाले, “लिही. माय सन, निखिल, वय छत्तीस, अवलंबून.”

मी पेन नुसतं हलवलं. लिहिलं काहीच नाही.

काकांनी भिंग आणलं आणि पहिल्या पानापासून तपासायला बसले. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

“हा चौकोन रिकामा कसा?”

“काका, टॅक्सवाले दरवर्षी नाहीच म्हणतात,” मी म्हणाले. आवाज माझाच मला आवडला नाही. “आणि निखिलदादा वर्षभरात एकदा तरी आलाय का?”

काकांनी भिंग खाली ठेवलं. उठून कपाटातून एक फाइल आणली. आत टॅक्स ऑफिसची उत्तरं होती, एकेका वर्षाचं एकेक. प्रत्येकात नकार, आणि प्रत्येकात एकाच जागी लाल पेन्सिलीची रेघ.

“वाच.”

“युवर सन, निखिल...”

“बास. पुढचं मलाही माहीत आहे.” त्यांनी पत्र पुन्हा घडीवर घडी बसवून ठेवलं. “नाही म्हणतात, पण त्याचं नाव घालून म्हणतात. ह्या पत्त्यावर त्याच्या नावाचं वर्षातून एवढंच येतं गं.”

मी ती ओळ लिहिली. शक्य तेवढ्या चांगल्या अक्षरात.

मग वर खोलीत जाऊन बाबांना फोन लावला. कार्डावर माझं नाव परत घालता येईल का, असं विचारलं.

“कशाला गं?”

“असंच,” मी म्हणाले. पलीकडे चाकाच्या आऱ्या वाजत राहिल्या. मग बाबा फोनवर हात ठेवून आईला म्हणाले, आणि मला सगळं ऐकू आलं:

“पोरगी उपाशी ऱ्हातीय वाटतं तिकडं. उद्या तालुक्याला जाऊन येतो.”