रोज एक घर पुढे

आमच्या गल्लीतल्या गंगाधररावांची गाडी रोज एक घर पुढे सरकते. सकाळची पूजा झाली की ते गाडी सुरू करतात, पुढच्या घराच्या भिंतीला लावतात आणि दार नीट लागलं का, ते दोनदा ओढून बघतात. गल्ली संपली की पुन्हा पहिल्या घरापासून. वर्षातून एकदा गाडी माहूरला देवीला जाऊन येते. बाकी तिचा सगळा प्रवास आमच्या गल्लीतच.

गंगाधरराव मोजणी खात्यातून रिटायर झाले. नांदेडात घर बांधलं, पण आत गाडीला जागा ठेवली नाही. तशी आमच्यापैकी कुणीच ठेवली नाही.

"काका, तुमच्याच दारात लावा की," असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. मीही सांगायचो, आता सांगत नाही. उत्तर पाठ झालंय. "सर, रोड कोनाच्या सातबाऱ्यावर हाय का? न्हाई ना? मग सगळ्यांनी थोडा थोडा तरास घ्यायचा."

गाडी माझ्या दारात असली की पाहुण्यांना वाटतं, आम्हीच घेतली. ते अभिनंदन करतात. मी थँक्यू म्हणतो. समजावून सांगायचा कंटाळा येतो.

मागच्या महिन्यात मेडिकलवाल्या शिंदेंनी मंदिरात गल्लीची बैठक लावली. ज्याची गाडी त्याच्या दारात, असा ठराव मांडला. गंगाधररावांनी लगेच सातबारा काढला. शिंदे वैतागून म्हणाले, "सगळ्यांला सारखा तरास म्हणता, मग कांबळ्यांचं घर काहून सोडता? त्यांच्या भिंतीला एक दिवस गाडी लागली न्हाई."

हे आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. गंगाधरराव चहाचे कप वाटायला उठले. चहा झाला, ठराव तसाच राहिला.

परतताना मी गंगाधररावांना तेच विचारलं. ते कांबळ्यांच्या घरासमोर थांबले. खिडकीत कांबळ्यांच्या आई बसल्या होत्या. कंबरेचं हाड मोडल्यापासून त्या दिवसभर तिथंच असतात, येणारे-जाणारे बघत. गंगाधररावांनी हात केला. त्यांनीही केला.

"गाडी लावली की त्यान्ला निसता टप दिसंल," ते म्हणाले.

थोडं चालल्यावर पुन्हा बोलले. "आमची ही आजारी होती तवा खाट खिडकीपाशी टाकली होती. भाईर एक पांढरी गाडी उभी ऱ्हायची. रोज. लई दिवस ती गाडीच बघून राहिली."

"मालकाला सांगायचं ना."

"कसं सांगावं, सर? त्याच्याकडं बी जागा नव्हती."

त्यांचं घर आलं. "या, चहा घेऊ."

"आत्ताच झाला की, काका."

"हाव. पन बसा थोडं."

मी बसलो. ते आत कपबशा शोधत राहिले. खाट अजून खिडकीपाशीच होती, चादर ताणून घातलेली. बाहेर रस्ता मोकळा होता.