आप्पांचा अख्खा बर्गर

धुडकू आप्पा बर्गर खायच्या आधी तो तपासायचे. वरचा पाव उचलायचा, ट्यूबलाइटसमोर धरायचा, अंगठ्याने दाबून बघायचा, मग आतली टिक्की बोटाने सरकवून तिची कड बघायची. शेजारी उभ्या वेटरला वाटायचं, काकांना केस सापडला. तो बिचारा माफी मागायच्या तयारीत. मग आप्पा मान वर करून अख्ख्या हॉटेलला ऐकू जाईल असं म्हणायचे, "सेकंड!"

आता हे सेकंड म्हणजे काय, ते सुरतेतल्या घोडदोड रोडच्या वेटरला कसं कळणार? आप्पा पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस मिलमध्ये चेकिंगला होते. दिवसभर टेबलावरून साड्यांचं कापड सरकायचं आणि आप्पा निवाडा द्यायचे. चोख माल तो फ्रेश, डाग किंवा छपाईची चूक असलेला सेकंड, आणि अगदीच गेलेला तो चिंधी. आप्पांनी फ्रेश म्हटलं की शेठसुद्धा परत बघत नसे. आमच्या चाळीत सगळी धुळे-नंदुरबारकडची माणसं. "आमचे आप्पा चेकिंगला आहेत," हे आम्ही पाहुण्यांना चहाच्या आधी सांगायचो.

बर्गरचं खूळ शिरलं ते आमच्या घरातून. आमच्याकडे नवीन केबल आली होती. एका संध्याकाळी कुठलासा इंग्रजी सिनेमा लागला. त्यातले नवरा-बायको मोटारीत बसून हातात गोल पाव धरून खात होते, आ वासून, गालाला सॉस लावून. आप्पा बघतच राहिले. "हे काय खाताहेत?" त्यांनी विचारलं. आमच्या ह्यांना जगातलं सगळं माहीत, निदान त्यांची तशी समजूत. ते म्हणाले, "हॅमबर्गर." झालं! पुढच्या रविवारी आप्पांनी स्कूटर काढली आणि ह्यांना मागे बसवून नेलं.

सुरतेचा माणूस रविवारी घरी जेवला तर शेजारी विचारतात, बरं नाही का म्हणून. चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर शहर घासूनपुसून लख्ख झालं होतं आणि जिकडेतिकडे काचेची नवी हॉटेलं उघडत होती. ह्या दोघांची चैनच झाली. आज चौपाटीजवळचं आइस्क्रीमवालं, पुढच्या रविवारी स्टेशनसमोरचं, त्याच्या पुढच्या रविवारी थंडगार एसीतलं. मी इकडे खिचडी-कढी करून वाट बघतेय, आणि आमचे हे ढेकर देत दारात! काय संताप यायचा म्हणून सांगू.

बरं, जाऊन करायचे काय, तर भांडण. आप्पा ऑर्डर द्यायचे, "दोन हॅमबर्गर." वेटर म्हणायचा, "काका, अहीं तो वेज बर्गर ज मळे." "चलेगा. लेकिन अख्खा लाना. काटना नहीं." इतकं बजावूनही दहातल्या नऊ ठिकाणी बर्गर यायचा तो चार तुकडे करून, प्रत्येक तुकड्यात एकेक काडी खोचून. ती प्लेट दिसली की आप्पा हात लावायचे नाहीत. "चिंधी!" म्हणून सरळ उठायचे. एखादा अख्खा आलाच, तर पाव शिळा नाहीतर टिक्की करपलेली, म्हणजे सेकंड. दोघांच्या प्लेटा मग आमचे हे रिकाम्या करायचे. टाकवत नाही म्हणे. पँटचं बटण मला दोनदा सरकवून द्यावं लागलं.

शेवटी एके दिवशी मी आप्पांना ओट्यावर गाठलंच. "आप्पा, हे काय लावलंय तुम्ही या वयात? आणि कापला तर बिघडलं कुठे? पोटात जाऊन तुकडेच होणार ना?"

आप्पांनी आधी मागे वळून घरात बघितलं. आत त्यांची बायको, आमच्या कौसल्याजिजी, भांडी घासत होत्या. मग हळूच म्हणाले, "शोभाताई, कापलेला वाटता येतो."

मला कळेना. मग त्यांनी सगळं सांगितलं.

आमच्याकडे बायका पुरुषांच्या मागून जेवतात. मीही जेवते, उगाच कशाला मोठेपणा सांगू? पण जिजींचं म्हणजे कहर होता. दोन्ही मुली सासरी गेलेल्या, घरात दोनच माणसं, तरी आप्पा हात धुऊन बाहेर पडल्याशिवाय त्या ताट घ्यायच्या नाहीत. घेतलं तरी दाराकडे पाठ करून. इतकी वर्षं शेजारी राहून मी त्यांना घास तोंडात घालताना पाहिलं नव्हतं. अहो, आप्पांनीही पाहिलं नव्हतं! एकदा ते हट्टाला पेटले, तू बसल्याशिवाय मी जेवणार नाही म्हणाले. दोघंही उपाशी झोपली.

मग आप्पांनी जिजींना रिंग रोडला गुजराती थाळी खायला नेलं. तिथं तर मी स्वतः होते. डाळीची बादली घेऊन वाढपी आला. जिजींनी पदर खोचला, त्याच्या हातातली बादली घेतली आणि आप्पांना वाढलं, मला वाढलं, ह्यांना वाढलं. शेजारच्या टेबलावरच्या मारवाडी कुटुंबालासुद्धा आग्रह करून दोन डाव वाढले. वाढपी हात बांधून उभा! आम्ही पोटभर जेवून उठलो आणि जिजींचं ताट होतं तसं. "घरी जाऊन खाईन," म्हणाल्या.

"बर्गर वाढता येत नाही ताई," आप्पा म्हणाले. "एका माणसाला एक. ज्याचा त्यानं हातात धरायचा. त्याला पातेलं नाही, डाव नाही. मागे काही उरवता येत नाही. त्या सिनेमातली बाई कशी नवऱ्याबरोबर खात होती! एकदा तरी हिनं माझ्यासमोर बसून जेवावं, एवढंच मागणं आहे."

माझे डोळे भरून आले. आणि खरं सांगते, तेवढाच ह्यांचा रागही आला. इतके बर्गर खाल्ले, पण त्यातला एक बायकोसाठी बांधून आणावा हे सुचलं का या माणसाला?

त्या दिवसापासून मीही शोधाला लागले. ज्याला त्याला विचारायचे, अख्खा बर्गर कुठे मिळतो? सापडला तो अठवा लाइन्सला, एका म्हाताऱ्या पारशाच्या बेकरीत. चार टेबलं, भिंतीला पंखा, आणि बर्गर गरमागरम, कागदात गुंडाळलेला, एकसंध. आप्पा आधी एकटे जाऊन तपासून आले. चाळीच्या तोंडापासूनच ओरडले, "फ्रेश! ताई, फ्रेश!"

रविवारी आम्ही चौघं रिक्षाने गेलो. जिजी डोक्यावरून पदर घेऊन अवघडून बसल्या. समोर चार कागदी पुड्या आल्या. जिजींनी आप्पांकडे बघून नेहमीचंच म्हटलं, "तुम्ही खाई ल्या. मंग मी खासू."

आप्पा हलले नाहीत. जिजी वाढायला काहीतरी शोधू लागल्या. जग उचलून सगळ्यांचे पेले भरले. सॉसची बाटली आप्पांच्या प्लेटमध्ये अर्धी केली. आता काय उरलं? मग आपली पुडी सोडली आणि बर्गर अर्धा मोडून आप्पांना द्यायला निघाल्या. आप्पांनी त्यांचा हात धरला. भर दुकानात, चार लोकांत! आमचे हे पंख्याकडे बघायला लागले.

"कौसल्या," आप्पा म्हणाले, "तुले काय आवडस, माले माहीत नही. एकदाव खाईसन दखाड माले." तुला काय आवडतं मला ठाऊक नाही, एकदा खाऊन दाखव. एवढंच.

जिजींनी डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला. मला वाटलं, आता उठतात आणि रिक्षा गाठतात. पण त्यांनी दोन्ही हातांनी बर्गर उचलला आणि मोठ्ठा घास घेतला. नाकाला सॉस लागला. सावकाश चावून म्हणाल्या, "टिक्कीमा मीठ कमी शे." आणि दुसरा घास घेतला. मग तिसरा. अहो, बाई जेवत होती! मन लावून, कागदावर सांडलेला कांदा वेचून वेचून.

आप्पांना काय करू नि काय नको झालं. शेजारच्या टेबलावर कॉलेजची पोरं बसली होती, त्यांना म्हणाले, "ये हमारी मिसेस है." कोणी विचारलंही नव्हतं. पोरांनी हसून नमस्ते केलं. आप्पांनी गल्ल्यावरच्या पारशी बाबालाही तेच ऐकवलं, छाती काढून. मीही मान ताठ करून बसले होते, जशी काही मीच त्यांची सासू.

जिजींनी शेवटचा घास संपवला, पदराने तोंड पुसलं आणि मग त्यांचं लक्ष गेलं. आप्पांचा बर्गर तसाच होता, थंडगार. बघण्याच्या नादात त्यांनी एक घासही घेतला नव्हता.

"तुम्ही काबर नही खादं?" जिजी म्हणाल्या. त्यांनी प्लेट त्यांच्यापुढे सरकवली आणि हात मांडीवर ठेवून नुसत्या बसून राहिल्या. मग आप्पांनी खाल्लं. त्या दिवशी आधी जिजी जेवल्या आणि आप्पा मागून.