महालिंगअप्पांची हातातली बॅग

ऐन मे महिन्यात अंगात तीन सदरे, त्यांवर स्वेटर, त्यावर लोकरीचा कोट आणि पायांत दोन-दोन मोजे अशा थाटात साखर तोलणारा दुकानदार तुम्ही पाहिलाय का? मी रोज पाहायचो. नेकनूरला आमच्या घराला लागूनच महालिंगअप्पांचं किराणा दुकान.

"अप्पा, ताप आलाय का?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"सराव चाललाय, गुरुजी," घामानं ओघळलेलं कपाळावरचं भस्म टिपत ते म्हणाले. "अमेरिकेला जायचंय. इमानात लई थंडी असती. अन अंगावर घातलेलं वजनात धरत न्हाईत."

वजन म्हणजे अप्पांचा जीव की प्राण. सगळं आयुष्य तागडीमागं गेलेलं. कुणाच्या मुलीचं स्थळ आलं तरी विचारायचे, "वजनात बसतंय का?" पुढाऱ्याची सभा ऐकून आले की म्हणायचे, "तास बोलला, पावशेर भरलं."

त्यांची एकुलती मुलगी उमा पुण्याला कॉम्प्युटर शिकली, तिथंच एका तेलुगू मुलाशी स्वतःच्या मनानं लग्न करून अमेरिकेला गेली. अप्पा लग्नाला गेले नाहीत. तीन वर्षं घरात तिचं नाव काढलं नाही. तिची पत्रं तिची आई, म्हणजे आमच्या काकू, वाचायच्या, उत्तरंही त्याच लिहायच्या. मागच्या वर्षी काकू गेल्या. यंदा गावात नवाच एसटीडी बूथ झाला आणि तिथं उमाचा फोन आला. दिवस गेलेत, सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत, करायला कुणी नाही. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं, "मी येतो" एवढंच म्हणाले आणि रिसीव्हर ठेवला.

"बाळंतपणाला बाप जातो का कुठं?" असं गावानं विचारलं.

"कावून? बापाला हात न्हाईत का?" असं अप्पांनी विचारलं.

मग तयारी सुरू झाली. बीडच्या एका डॉक्टरांची आई अमेरिकेला जाऊन आली होती. अप्पा तिच्याकडं तीनदा गेले आणि प्रत्येक वेळी नवा कायदा घेऊन आले. धोतराचे विमानाच्या संडासात हाल होतात, म्हणून साठाव्या वर्षी पहिली पँट शिवली. पट्ट्याचं बक्कल यंत्रात वाजतं, म्हणून तिला नाडी. पाय सुजतात, म्हणून एक नंबर मोठे बूट. ते घालून अप्पा फटाक फटाक चालू लागले की गल्लीतली कुत्री उठून उभी राहायची. असा वेश करून ते एकदा एसटीनं नारायणगडालाही जाऊन आले. कंडक्टरनं त्यांना न विचारता खिडकीची जागा दिली.

पण खरा घोर हातातल्या बॅगेचा. त्या आजींची मोठी बॅग आठ दिवस उशिरा पोचली होती. "म्हंजी जोखमीचं सगळं हातात. अन हातात सात किलो. जास्त न्हाई." रोज दुपारी बॅग तागडीत चढायची. डिंक, अळीव, खारीक, बाळंतशोपा, धुरीचा ओवा, टोपडी, लंगोट. काटा खाली गेला की अप्पा स्वतःचं काहीतरी काढायचे. आधी धोतर गेलं, मग दाढीचं सामान, मग खायच्या दशम्या. सदरे अंगावर चढले ते याच हिशेबानं.

एक दिवस आमच्या मागच्या अंगणात पाहतो, तर अप्पा पाय लांब करून बसलेले आणि पायांवर दुधी भोपळा. आमची ही शेजारी बसून सांगत होती, "मानेखाली हात धरा. पाणी तोंडावर नको." अप्पा भोपळ्याला तेल लावून न्हाऊ घालत होते.

"सव्वातीन किलोचा हाय," मला पाहून ते म्हणाले. "पोर तेवढंच असतंय."

मुंबईला विमानतळावर सोडायला मी गेलो. काउंटरवरच्या बाईंनी बॅगेकडं नुसतं पाहिलं आणि जा म्हणाल्या.

"वजन करा की, बाई," अप्पा म्हणाले.

"गरज नाही, काका."

"मला हाय."

बाईंनी बॅग काट्यावर ठेवली. बरोबर सात. पहिला नंबर आलेल्या विद्यार्थ्यासारखं अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मग आत जाता जाता थांबले.

"गुरुजी, सगळं घेतलं. पन पोरीसमोर गेल्यावर पैलं काय बोलायचं, ते न्हाई कुनी सांगितलं."

"सुचेल," मी म्हणालो. तीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसानं याहून बरं काहीतरी सांगायला हवं होतं.

पाच महिन्यांनी अप्पा परतले. दुकान झाडून झाल्यावर मी विचारलं, "मग? पहिलं काय बोललात?"

"मी कुठं? तीच बोलली. आधी कोट काढा म्हनली." मग म्हणाले, "माफी मागायची होती, गुरुजी. रोज ठरवायचो, रोज ऱ्हायचं. नातीला पैल्यांदा ओव्याची धुरी दिली, तर धुरानं छतातली घंटी बोंबलली, शेजारचे गोरे बाहेर आले. त्या गडबडीत बी न्हाई जमलं. मग एक दिवशी दुपारी मी नातीला न्हाऊ घालत होतो. उमा दारात उभी ऱ्हाऊन बघत होती. चार रात्रीची जागी, तरी पोर नजरेआड करत न्हवती. म्हनलं, आता बोलावं. तर तिनं पोर पुसून माझ्या मांडीवर ठेवली अन आत जाऊन पडली."

"मग?"

"पाच तास झोपली. एकदा बी उठून बघाया आली न्हाई."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. पुढ्यातलं हरभऱ्याचं पोतं उगाच सरळ केलं.

"एकदा बी न्हाई, गुरुजी."