धकाते सरांचे राहिलेले प्रयोग

आमच्या नंदनवन कॉलनीतले धकाते सर खिशात पेन ठेवत नाहीत. इंजिनिअरिंग कॉलेजात वीस वर्षं शिकवणारा हा माणूस बँकेत गेला तरी रांगेतल्या मागच्याला विचारतो, "पेन हाये का गा?"

मी त्यांचा शेजारी. एकदा कारण विचारलंच.

"कॉलेजात खोट्या कागदावर सही मागतात ना, तेव्हा मी खिसे चाचपत बसतो. तेवढ्यात समोरच्याले लाज वाटली तर वाटली."

"वाटली का कधी?"

"नाही. प्राचार्यांपाशी नेहमी दोन पेन राहतात."

खोटा कागद प्रयोगशाळेचा. तपासणी समिती येणार असली की मुलींच्या कॉमन रूमवर 'विद्युत प्रयोगशाळा' अशी पाटी चढायची. दुसऱ्या कॉलेजातून टेम्पोभर मीटर यायचे, समिती गेली की तेही जायचे. विद्यार्थ्यांनी कधी न केलेल्या प्रयोगांना सर भरघोस मार्क द्यायचे.

"पण तुम्ही सही करताच काहून?" मी जरा चिडूनच विचारलं.

सर तर्री-पोहे कालवत म्हणाले, "माह्या आधी अकरा सह्या राहतात गा. सगळे शिकलेले, घरी चांगले. बाराव्याले वाटते, आपल्या एकट्यानं काय अडते? अकराव्यालेही तेच वाटलं असन."

मग एका रविवारी त्यांनी मला स्कूटरवर मागे बसवलं, मांडीवर एक जड पिशवी दिली आणि थेट उमरेड गाठलं. पिशवीत मीटर, तारा, बल्ब. सगळं त्यांनी स्वतः जमवलेलं.

दार पल्लवीनं उघडलं. सरांची जुनी विद्यार्थिनी, आता कडेवर लेकरू.

"पल्लवी, तुये सात प्रयोग राहिले वं," सर उंबऱ्यातूनच म्हणाले.

ती गोंधळली. "सर, मी तर पास झाली. चार वर्षं होऊन गेली."

"तू झाली. मीच राहिलो."

सरांनी घडी घातलेली यादी तिच्यापुढे धरली. बरीच नावं खोडलेली होती. दर रविवारी एक घर, असं त्यांचं किती दिवस चाललं होतं कोण जाणे. शेजारी असून मला पत्ता नव्हता.

पल्लवीनं यादी वाचली. लेकरू माझ्याकडे दिलं आणि टेबल मोकळं केलं.

पहिल्याच प्रयोगात बल्ब पेटेना. सर उठायला लागले.

"तुम्ही बसा सर. मी पाहते," ती म्हणाली.

सैल तार ती शोधत होती, आणि सर मांडीवर हात ठेवून, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे, बल्बाकडे पाहत होते.