मूठभर राईची माती

कुणी रोपाची मुळं धुताना दिसलं की आमचे शेजारी आपा कासावीस होतात. माझ्या बायकोनं एकदा जास्वंदीचं रोप बादलीत बुचकळलं, तर कुंपणापलीकडून हाक आली, "धुव नको गो, तेंचा घरदार बुडता!"

घरदार बुरशीचं. आपा शेतकी खात्यातून निवृत्त झालेले. मुळांवर एक बुरशी राहते, ती झाडाला लांबून पाणी आणि खत आणून देते, झाड तिला साखर देतं, हे ते आमच्या देवबाग गावात भेटेल त्याला सांगतात. ही बुरशी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे तिची काळजी करायला आपांना मर्यादाच उरत नाही. "एकट्या मुळाचा काय खरा नाय रे!" म्हणतात आणि पुढच्या माणसाकडे वळतात.

यंदा समुद्र आत सरकला म्हणून गावानं किनाऱ्यावर वाळू धरून ठेवणाऱ्या उंडीच्या झाडाची रोपं लावली. महिन्याभरात ती पिवळी पडली. आपा जेवता जेवता उठून पानं चाचपून यायचे. शेवटी म्हणाले, "नर्सरीच्या मातीत जीवच नाय. जुन्या उंडीखालची माती व्हयी."

अशा उंडी मसुऱ्याकडच्या एका देवराईत होत्या. मी आपांना स्कूटरवर घेऊन गेलो. माती मागताच तिथल्या देवळाचे गुरव दचकले. "आपानू, राईतली काटकीसुद्धा भायर नेवची नाय."

"मग देवाक विचारा," आपा म्हणाले. जन्मात देवळाची पायरी न चढलेला माणूस!

गुरवांनी कौलासाठी मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला दोन कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार. आपांनी माझं मनगट घट्ट धरलं. उजवी पडली.

"आणखी काय विचारूचा आसा?"

आपांचे ओठ हलले. मग म्हणाले, "नाय."

परतताना ते मातीची पिशवी मांडीवर धरून मागे बसले होते. एकदम बोलले, "सुषमाचा विचारूचा होता." सुषमा त्यांची मुलगी, मुंबईला असते. "तिच्या आयेच्या आजारपणात आमी भांडलंव. तेवापासून माझो फोन घेणा नाय. पण डावी पडली असती तर?"

प्रत्येक रोपाशी आम्ही मूठमूठ माती घातली. पावसाळा सरता सरता बऱ्याच रोपांना पालवी फुटली, काही मेलीच. आपांना मेलेलीच दिसत होती. मी सुषमाचा नंबर माझ्या फोनवरून लावला आणि फोन त्यांच्या कानाला धरला.

घाबरून आपा उंडीबद्दलच बोलत सुटले. मुळं, माती, गुरव, सगळं. पलीकडून फोन ठेवला गेला नाही. मग त्यांचा दम संपला. बराच वेळ ते नुसते ऐकत राहिले आणि हळूच म्हणाले, "होय गो. येळेर जेवतंय. तू जेवलंस?"